समोरच्या टेकडीवरचा डेलबर्ट

गुरुवार, १२ जून

सभा झाली. रेडिओ क्लबातल्या सतरा सभासदांपैकी नऊ हजर. फील्ड डेचा प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड — म्हणजे दुसऱ्या कुणी हात वर केला नाही. ऑर्व्हिल झोपले होते. त्यांचं वय बघता त्यांचं मत मी होकारार्थी धरलं.

भाषण मात्र झकास झालं माझं! म्हटलं, उद्या वादळ येईल, वीज जाईल, फोन बंद पडतील, तेव्हा या काउंटीला वाचवणार कोण? आपण! जूनच्या शेवटी देशभरातले हौशी रेडिओवाले दोन दिवस रानात तंबू ठोकतात, स्वतःची वीज स्वतः करतात आणि चोवीस तास जमेल तितक्या केंद्रांशी बोलतात, तो फील्ड डे काय गंमत म्हणून? ही आपत्तीची तालीम आहे!

मागून गेल म्हणाली, "आणि सँडविच कुणी आणायचे?"

सगळे हसले. गेल औषधाच्या दुकानात असते. सभेला येताना तोंड तिथेच काउंटरवर ठेवून यायला हवं तिने. पण रेडिओवर तिच्या तोडीचं क्लबात कुणी नाही, म्हणून सहन करतो.

खरं सांगायचं तर — इथे सांगायला हरकत नाही, माझी बायको नॅडीन ही वही वाचत नाही — आपत्तीचं मला काही पडलेलं नाही. मला डेलबर्ट स्टकीला हरवायचंय. एकदा तरी!

शनिवार, १४ जून

न्याहारीला नॅडीनने विचारलं, "तुम्हा दोघांचं भांडण नक्की कशावरून झालं, ते तरी आठवतं का आता?"

आठवतं म्हणजे! पाण्याच्या टाकीवर क्लबचं यंत्र आहे. आमच्या हातातल्या छोट्या रेडिओंचं बोलणं ते उचलतं आणि काउंटीभर पोचवतं. बोलणाऱ्याने बटण सोडलं की ते 'टिंग' करतं, म्हणजे आता दुसऱ्याने बोलावं. डेलबर्टचं म्हणणं, एक टिंग पुरे. माझं म्हणणं, दोन हवेत. एक टिंग ट्रकच्या घरघरीत ऐकू येत नाही. तत्त्वाचा प्रश्न होता! तीन सभा त्यावर झाल्या. चौथ्या सभेत डेलबर्ट उठला, त्याच्यामागे निम्मा क्लब उठला, आणि त्यांनी धान्याच्या कोठारावर स्वतःचं यंत्र बसवलं. एकच टिंग करणारं. तेव्हापासून या एवढ्याशा काउंटीत दोन क्लब, दोन यंत्रं, दोन अध्यक्ष. चर्चच्या तळघरातली खोली मात्र एकच. पहिल्या गुरुवारी त्यांची सभा, दुसऱ्या गुरुवारी आमची. खुर्च्या ते नेहमी वाकड्यातिकड्या ठेवून जातात.

त्याआधी तीस वर्षं आम्ही दोघं एकत्र होतो. मोर्सची कडकट्ट भाषा मला त्यानेच शिकवली. त्याच्या गॅरेजात, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर चमचा वाजवून. त्याचा कडकट्ट ऐकला की अजून हातातलं काम थांबतं माझं. इतका स्वच्छ हात दुसऱ्या कुणाचा नाही. शत्रूचं असलं तरी चांगलं ते चांगलं म्हणावं.

नॅडीन म्हणाली, "व्हर्लिन, तुला त्याला हरवायचंय की त्याच्याशी बोलायचंय, ते एकदा ठरव."

तिला तत्त्वातलं काही कळत नाही.

गुरुवार, १९ जून

दिवसभर नियम वाचले. एखाद्या केंद्राशी तोंडी बोललं तर एक गुण, मोर्समध्ये बोललं तर दोन. त्यात घाम गाळायचा! पण वरची संघटना वरकड गुणही देते, आणि तेही शंभर-शंभर. निवडून आलेलं कुणी भेटीला आलं — शंभर. वर्तमानपत्रात बातमी — शंभर. सुरक्षा अधिकारी नेमला — शंभर. आपत्कालीन संदेश वर पाठवला — शंभर. संदेश मी आजच लिहून ठेवला: "आम्ही सज्ज आहोत. काळजी नसावी."

सुरक्षा अधिकारी म्हणून स्वतःची नेमणूक केली. आग विझवायचं नळकांडं नवं आणलं.

गेलला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे शंभर लोकांशी बोलण्यापेक्षा एक पुढारी गाठणं सोपं, असंच ना अध्यक्षसाहेब?"

अगदी तसंच! पोरीला कळतं सगळं, फक्त सूर चुकतो.

काउंटी कमिशनर मिसेस प्रुइट यांना लगेच फोन लावला. "येईन की! पण माझ्याबरोबर फोटोवाला असेल." म्हणजे बातमीचेही शंभर आलेच!

शुक्रवार, २७ जून

तंबू उभे राहिले. वायर झाडावर चढवायला आम्ही बेचकी वापरतो — शिशाचा गोळा, त्याला मासेमारीची दोरी. पासष्टीच्या पुढची सहा माणसं बेचकी घेऊन एका ओक झाडाखाली तासभर उड्या मारत होती. गोळा तीनदा माझ्याच टोपीवर आला. झाडाला विषारी वेल होती, ते नंतर कळलं. चौघं खाजवताहेत.

ऑर्व्हिलनी झोपायची सोय असलेला आपला जुना कॅम्पर आणलाय. दुपारच्या झोपेशिवाय आपत्तीचा मुकाबला होत नाही, म्हणतात.

समोरच्या टेकडीवर त्यांचा तळ. मध्ये फक्त ओढा आणि गवताचं शेत. दुर्बीण लावली. त्यांची वायर आमच्याआधी वर, आणि सरळ! डेलबर्ट खुर्चीत बसला होता. त्याच्याही डोळ्यांना दुर्बीण. दोघांनी एकदमच खाली केली.

शनिवार, २८ जून

दोनला सुरुवात. पहिला तास उत्तम.

तीनच्या सुमारास डेलबर्टची हाक आली. दरवर्षी येते. मी उत्तर देतो, कारण दोघांनाही एकेक गुण मिळतो. एका बँडवर, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यात, एका केंद्राशी एकदाच. दुसऱ्यांदा बोललात तर ते डुप्लिकेट, गुण शून्य. त्यामुळे आमचं बोलणं वर्षातून हे एवढंच.

तो म्हणाला, "तीन ए, ओहायो." म्हणजे तीन रेडिओ, मैदानात, ओहायो राज्य.

मी म्हणालो, "नोंद झाली. आमचंही तीन ए, ओहायो."

बस. दरवर्षी हेच आणि एवढंच. त्याचा आवाज यंदा जरा बसल्यासारखा वाटला. सर्दी असेल. विचारता आलं असतं, पण मागे रांग होती.

शनिवार, संध्याकाळ

चिकनचे सँडविच संपले. बटाट्याचं सॅलड उन्हात आंबलं. आपत्तीची तालीम म्हणून काहींनी तेही खाल्लं.

रविवार, २९ जून

झालं तसं लिहून काढतो.

सकाळी गेलने रेडिओवर नुसता धडाका लावला होता. दुर्बिणीतून त्यांच्या तळावर पाहिलं, तर तिकडेही कुणी मान वर करत नव्हतं. अटीतटीची लढत!

जेवणाच्या वेळी मिसेस प्रुइट आल्या. पांढरे बूट, मागे फोटोवाला. जनरेटरच्या घरघरीत त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू येईना. म्हटलं, आत्ता सोय करतो! क्लबातल्या दोघांना हाताशी घेतलं आणि जनरेटर ऑर्व्हिलच्या कॅम्परमागे नेऊन ठेवला. एकदम शांतता. तिथे कापलेलं गवत वाळत पडलं होतं. मला ते दिसलं होतं. फोटोच्या गडबडीत मनात राहिलं नाही. ऑर्व्हिल जेवून कॅम्परमध्ये आडवे झाले होते, कानातली यंत्रं काढून. तंबूचा मागचा पडदा मीच पाडला. फोटोत ऊन येत होतं.

मग मी माइकपाशी बसलो, बाई शेजारी. आपत्तीच्या वेळी आम्ही कसे सर्वांत आधी ऐकतो, ते त्यांना समजावत होतो. तेवढ्यात हाक आली. डेलबर्टची कॉल साइन, म्हणजे त्याच्या केंद्राचं सांकेतिक नाव! इतक्या जवळून की कान फुटायची वेळ.

मी म्हणालो, "डुप्लिकेट. कालच नोंद झालीय."

"माहीत आहे मला. ऐक—"

"या बँडवर दुसऱ्यांदा गुण नाहीत. पुढचे कोण?"

"व्हर्लिन!"

नावाने! आणि तेही कमिशनरबाईंसमोर. म्हटलं, "कॉल साइन वापरा. पुढचे?"

"अरे गाढवा, मागे बघ! तुझ्या मागे—"

मी आवाज कमी केला. बाईंना म्हटलं, माफ करा हं, समोरचा क्लब आहे, स्पर्धा संपत आली की लक्ष उडवायला असलं काहीतरी करतात. त्या म्हणाल्या, "काय शिस्त आहे हो तुमची!" फोटोवाल्याने फोटो काढला. मी हसलो.

डेलबर्ट आणखी दोनदा आला. मी दोन्ही वेळा डुप्लिकेट म्हणून परत पाठवला.

मग खालून धाडकन आवाज. डेलबर्टची निळी पिकअप कुंपण तोडून गवताच्या शेतातून थेट आमच्या अंगावर येत होती. मला वाटलं, हा भांडायला आला! चार शब्द सुनवायला म्हणून मी ताडकन उठलो आणि मागचा पडदा वर केला.

कॅम्परची अख्खी मागची बाजू पेटली होती. वारा पलीकडे वाहत होता, म्हणून आम्हाला वाससुद्धा आला नाही.

दार आतून अडकलेलं. मी नुसता उभा. डेलबर्टने गाडीतून उडी मारली आणि तापलेली कडी उघड्या हाताने धरून ओढली. सोडली नाही त्याने. दार उखडूनच आलं. आत शिरला आणि ऑर्व्हिलना खांद्यावर टाकून बाहेर आला.

आग विझवायचं नवं नळकांडं माझ्या गाडीच्या डिकीत होतं. किल्ली नॅडीनकडे, आणि नॅडीन ताजं सॅलड आणायला गावात. तीन रेडिओ चालू होते, अख्खा देश ऐकत होता, आणि अग्निशामक दलाला गेलने बोलावलं ते मोबाइलवरून!

ऑर्व्हिल गवतावर बसून खोकत होते. दम आल्यावर म्हणाले, "संपली का स्पर्धा?" काही झालेलं नाही त्यांना. देवाची कृपा.

डेलबर्टने उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळला होता. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या जवळून मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. भुवया सगळ्या पांढऱ्या झाल्यात.

म्हणाला, "आधी फोन लावला. तुझ्या फोनवर माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. मग रेडिओवर आलो. तिथेही बंद."

आणि मी काय म्हणालो? 'तुझे उपकार' नाही. 'हात दाखव' नाही. मी म्हणालो, "तुझा शेवटचा तास फुकट गेला."

मला खरंच तेच सुचलं! डोक्यात चोवीस तास गुणच होते ना. त्याने माझ्याकडे पाहिलं, पिकअपमध्ये बसला, आणि एका हाताने गाडी वळवून निघून गेला. रुग्णालयात त्याला नॅडीनने नेलं. ती त्याला रस्त्यात भेटली. माझ्याशी ती अजून बोललेली नाही.

सोमवार, ३० जून

बेरीज झाली. त्यांच्या क्लबातल्या एकीने बेकरीत त्यांचा आकडा फोडला. आम्ही पुढे आहोत. डेलबर्टने शेवटचा तास सोडला, त्याच्या मागे त्यांचे सगळेच धावले, आणि तेवढ्यात आम्ही — म्हणजे गेलच्या सकाळच्या धडाक्यामुळे आणि मिसेस प्रुइटमुळे — आम्ही जिंकलो.

गेलने विचारलं, "सुरक्षा अधिकाऱ्याचे शंभर धरू ना?"

गुरुवार, ३ जुलै

साप्ताहिकात पहिल्या पानावर फोटो. वर मोठ्या अक्षरात — 'आपत्तीसाठी सदैव सज्ज!' मी माइकपाशी, हसतोय. बाई कौतुकाने बघताहेत. आणि तंबूच्या वर, निळ्या आकाशात, काळाकुट्ट धूर. आधी मला तो ढग वाटला.

किराणा दुकानात गल्ल्यावरच्या बाईने तो फोटो भिंतीला चिकटवलाय. "सही कराल का?" म्हणाली. गंभीर चेहऱ्याने!

बातमीचे शंभर मात्र पक्के.

शनिवार, ५ जुलै

नॅडीन चेरीचा केक घेऊन डेलबर्टकडे जाऊन आली. मी विचारलं नव्हतं. तिनेच सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.

उजवा तळवा आणि तीन बोटं. डॉक्टर म्हणतात, बोटं पूर्वीसारखी वळतील याची खात्री नाही. मोर्स ठोकायची कळ चिमटीत धरता येत नाही. टेबलावर कळ तशीच आहे, तिच्यावर त्याने टॉवेल टाकून ठेवलाय.

"काही म्हणाला का?"

"केक चांगला झालाय म्हणाला."

"माझ्याबद्दल?"

"तुझं नावही काढलं नाही त्याने."

गॅरेजात जाऊन रडलो. कितीतरी वर्षांनी. त्या हाताने मला शिकवलं होतं, आणि तो हात माझ्या शंभर गुणांपायी गेला.

मंगळवार, ८ जुलै

फोनवर त्याला मोकळं करायचं होतं, पण बंद केलेला नंबर चालू कसा करतात ते सापडेना. तीस वर्षं शाळेचा उपमुख्याध्यापक होतो, घरी रेडिओ स्वतः जोडतो, आणि हे जमेना! शेवटी औषधाच्या दुकानात गेलो. गेलने दोन बोटांत केलं. काही बोलली नाही. तिचं न बोलणं जास्त लागतं.

फोन लावला. वाजला. उचलला नाही.

गुरुवार, १० जुलै

सभा. डेलबर्ट स्टकी यांचे आभार मानण्याचा ठराव मी मांडला. एकाने विचारलं, 'आभार' की 'हार्दिक आभार'? दुसरा म्हणाला, हार्दिक म्हटलं तर चूक आपली होती असा अर्थ निघेल. तिसरा म्हणाला, कुंपणाची भरपाई कोण देणार, ते ठरावात यायला हवं. तासभर चालला वाद. मी टेबलावर हातोडी आपटत होतो आणि मनात म्हणत होतो, हे लोक असे कधी झाले? मग आठवलं की अध्यक्ष मी आहे.

ऑर्व्हिल जागे होते. ते म्हणाले, "मी त्याच्याकडे जाऊन आलो. आम्ही बेसबॉल बघितला."

गेल म्हणाली, "साहेब, माणसाच्या घरी जायला ठराव लागत नाही."

'हार्दिक'सह मंजूर. पाच विरुद्ध चार.

रविवार, २० जुलै

डेलबर्टकडे गेलो. म्हणजे त्याच्या फाटकापर्यंत. गॅरेजचं दार उघडं होतं, आत दिवा होता. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. शेवटी पत्रपेटीत ठरावाची प्रत टाकली आणि परत आलो.

ठरावाची प्रत! मी माणूस आहे की कार्यालयाचं कपाट?

मंगळवार, २२ जुलै

गुणांचा तक्ता पाठवला. सुरक्षा अधिकाऱ्याचे शंभर धरले नाहीत. तरीही आम्हीच पुढे. आयुष्यात पहिल्यांदा डेलबर्टला हरवलं, आणि घरात कुणाला सांगायची सोय नाही. नॅडीन म्हणाली, "जेवायला ये."

शनिवार, २ ऑगस्ट

काही नाही. पुन्हा फोन लावला. नुसता वाजत राहिला.

रविवार, ३ ऑगस्ट

संध्याकाळी उगाच रेडिओ लावला. चाळीस मीटरच्या बँडवर कुणीतरी मोर्समध्ये हाक देत होतं — इतकं हळू, इतकं अडखळत की वाटलं, कुणी अगदी नवशिका असणार. पुढे जाणार होतो. पण अक्षरं जुळत गेली आणि कॉल साइन पुरी झाली. डेलबर्ट! डाव्या हाताने.

मी माझा वेग उतरवला, त्याच्याइतका, आणि उत्तर दिलं.

मग एकेक अक्षर येऊ लागलं. तिकडे हवा कशी आहे?

आमच्या दोघांच्या घरांत मैलभराचंही अंतर नाही.

ढगाळ आहे, म्हटलं. तुझ्याकडे?